पक्षाघातानंतर : गेलेली हालचाल परत मिळवताना

मेंदूतील एखादी रक्तवाहिनी गुठळीमुळे बंद पडली किंवा फुटली, की तिच्यावर अवलंबून असलेल्या भागातील पेशी मरू लागतात आणि शरीराची विरुद्ध बाजू लुळी पडते. यालाच आपण पक्षाघात, अर्धांगवायू किंवा बोलीभाषेत लकवा म्हणतो. गुठळीमुळे झालेल्या आघातात पहिल्या साडेचार तासांत ती विरघळवणारे इंजेक्शन देता येते, म्हणून चेहरा वाकडा होणे, हात लुळा पडणे किंवा बोलणे अडखळणे यांपैकी काहीही दिसताच रुग्णास तत्काळ मोठ्या रुग्णालयात न्यावे, हे आम्ही वेळोवेळी सांगत आलो आहोत. या वर्षी लिहावयाचे आहे ते त्यानंतरच्या काळाविषयी. जीव वाचला, रुग्ण घरी गेला. पण हात उचलत नाही आणि पाय फरफटतो. पुढे काय?

हा लेख वैद्यकीय विभागाने नव्हे, प्रशासनाने लिहिला आहे. आम्ही हिशेबाच्या बाजूची माणसे. पुनर्वसन विभागाच्या जमाखर्चातील तूट ताळेबंदात उठून दिसते आणि आमचे देणगीदार व आजीव सभासद तिच्याविषयी विचारणा करतात. ही विचारणा रास्तच आहे. तिला उत्तर द्यावयाचे तर त्या खोलीत नेमके काय चालते, हे आधी सांगावयास हवे.

मेलेली पेशी पुन्हा जिवंत होत नाही. पहिल्या काही आठवड्यांत जी सुधारणा आपोआप दिसते, ती बव्हंशी आजूबाजूची सूज ओसरल्याने व तात्पुरत्या निपचित पडलेल्या पेशी जाग्या झाल्याने होते. त्यापुढील सुधारणेत मोठा वाटा असतो तो मेंदूच्या शाबूत भागाने गेलेल्या भागाचे काम शिकून घेण्याचा. मेंदू हे असे शिकू शकतो, यावर पूर्वी फारसा विश्वास नव्हता. १९९६ मध्ये रँडॉल्फ नुडो व त्यांच्या सहकाऱ्यांनी माकडांवरील प्रयोग प्रसिद्ध केले. हाताचे नियंत्रण करणाऱ्या भागास लहानशी इजा झालेल्या माकडांकडून त्याच हाताने बारीक कामे पुन्हा पुन्हा करवून घेतली असता, शेजारच्या शाबूत भागातील हाताची जागा टिकून राहिली व काही माकडांत ती कोपर-खांद्याच्या जागेतही पसरली.

माणसांतील एक उदाहरण आम्ही नातेवाईकांना आवर्जून सांगतो. न्यूयॉर्कमधील प्राध्यापक पेद्रो बाख-इ-रिता यांना १९५९ मध्ये पक्षाघात झाला. वैद्यकीय शिक्षण घेणारा त्यांचा मुलगा जॉर्ज त्यांना आपल्या घरी घेऊन गेला. पुनर्वसनाचे कोणतेही शास्त्र ठाऊक नसल्याने, तान्हे मूल जसे शिकते तसेच यांना शिकवावे, असे त्याने ठरविले. वडिलांना तो भिंतीच्या आधाराने जमिनीवर रांगावयास लावी, त्यांच्याशी गोट्या खेळे, त्यांच्याकडून भांडी घासून घेई. शेजाऱ्यांना हे क्रूरपणाचे वाटले. सुमारे वर्षभराने प्राध्यापक पुन्हा शिकवू लागले. १९६५ मध्ये डोंगर चढत असताना हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. शवविच्छेदनात मेंदूची हानी मुळीच भरून आलेली नव्हती, असे आढळले. हालचाल परत आली होती, ती दुसऱ्या वाटेने. अर्थात एका कुटुंबाचा अनुभव हा सर्वांसाठी नियम होत नाही, हेही आम्ही त्याच वेळी सांगतो.

या सगळ्यात मोजण्याजोगी गोष्ट एकच आहे : आवर्तने. कॅथरीन लँग व सहकाऱ्यांनी २००९ मध्ये अमेरिका व कॅनडातील उपचारकेंद्रांमध्ये प्रत्यक्ष मोजदाद केली, तेव्हा एका सत्रात हाताच्या उपयुक्त हालचालींची आवर्तने सरासरी ३२ भरली. प्राण्यांवरील प्रयोगांत मेंदूत बदल घडला तो मात्र दिवसाकाठी शेकडो आवर्तनांनंतर. हिशेबाची सवय असलेल्या आम्हांला ही दरी फार बोलकी वाटते. सुसज्ज केंद्रांतही एवढीच आवर्तने होत असतील, तर आमच्या विभागातील अर्ध्या-पाऊण तासात शेकडो होणे शक्य नाही. ती घरीच व्हावी लागतात.

आणि घरी नेमके उलटे घडते. उजवी बाजू गेलेल्या आजोबांना डाव्या हाताने जेवणे अवघड वाटते, अनेकांना तर ते अप्रशस्तच वाटते. मग सूनबाई घास भरवितात. बटणे नातू लावतो, पाण्याचा तांब्या कोणीतरी पुढे करतो. सेवा मनापासून होते, परंतु दुबळ्या हाताला दिवसभर काहीच काम उरत नाही. न वापरलेला हात विसरला जातो, या निरीक्षणावर एडवर्ड टॉब यांनी एक उपचारपद्धती बेतली : चांगला हात मोज्यात बांधून ठेवावयाचा आणि दुबळ्या हाताकडून तासन्‌तास काम करवून घ्यावयाचे. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, आघात होऊन ३ ते ९ महिने झालेल्या २२२ रुग्णांपैकी एका गटावर ही पद्धत दोन आठवडे अवलंबिली गेली आणि नेहमीच्या उपचारांपेक्षा तिचा गुण अधिक आला. मात्र मनगट व बोटे थोडी तरी उघडता येत असतील, त्यांच्यासाठीच ती आहे. आमचे व्यवसायोपचारतज्ज्ञ तिचे घरगुती रूप सुचवितात. दुबळ्या हाताने चवळीचे दाणे एका वाटीतून दुसरीत टाकावेत, चांगला हात भाकरी मोडत असताना दुबळ्याने ताट धरून ठेवावे, वाळलेले कपडे घडी घालावेत.

घाई कितपत करावी, हाही प्रश्न असतो. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, पाच देशांतील २१०४ रुग्णांच्या चाचणीत, पहिल्या २४ तासांतच रुग्णास वारंवार व जास्त वेळ उठविण्याने तीन महिन्यांनंतरचा परिणाम उलट किंचित वाईट दिसला. त्यामुळे पहिल्या दिवशी नातेवाईकांनी रुग्णास चालविण्याचा आग्रह धरू नये. त्यानंतर मात्र दिवस वाया घालवू नयेत. बहुतांश सुधारणा पहिल्या तीन महिन्यांत होते. सहा महिन्यांनंतर काहीच होत नाही, ही समजूत तितकीच चुकीची आहे. तेव्हा वेग मंदावतो; चालणे व हाताचा वापर पुढेही सुधारू शकतो.

काही गोष्टी स्पष्टच सांगतो. लुळ्या हाताला धरून रुग्णास ओढून उठवू नये. खांद्याचा सांधा उतरतो व पुढे महिनोन्‌महिने दुखतो. तेलाच्या मालिशने रुग्णास बरे वाटते, पण हालचाल येत नाही, कारण त्यात काम चोळणाऱ्याचे होते. बधिर बाजूस गरम पिशवीने शेक देऊ नये, चटका बसल्याचे रुग्णास कळत नाही. साधारण तिघांपैकी एका रुग्णास नैराश्य येते. त्यास ‘व्यायामाचा कंटाळा’ समजून रागावू नये, डॉक्टरांना सांगावे.

हात परत येईल काय, या प्रश्नाला आमचे डॉक्टर पूर्वीपेक्षा प्रामाणिक उत्तर देऊ शकतात. नेदरलँड्समध्ये २०१० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, पहिल्या तीन दिवसांत बोटे थोडीशी सरळ करता आली आणि खांदा बाजूला उचलता आला, तर सहा महिन्यांनी हातात काही कौशल्य परत येण्याची शक्यता ९८ टक्के असते. दोन्ही जमले नाही, तर ती सुमारे २५ टक्के. अशा कुटुंबास खोटी आशा दाखविण्यापेक्षा, चालणे आणि स्वतःचे स्वतः मोरीपर्यंत जाणे यांवर भर द्यावा, असे आमचे मत आहे.

आता तूट. विम्याचा व शासकीय योजनांचा भर मुख्यतः दाखल रुग्णावरील उपचारांवर असतो. पुनर्वसन मात्र रुग्ण घरी गेल्यानंतर खऱ्या अर्थाने सुरू होते. तालुक्यातून येणाऱ्या पंचाहत्तरी ओलांडलेल्या रुग्णास २०२२ पासून एस.टी. प्रवास मोफत आहे, परंतु सोबत येणाऱ्या मुलाचे तिकीट व त्याची बुडालेली रोजंदारी कोणी देत नाही. चाळीस मिनिटांच्या उपचारासाठी दोघांचा दिवस जातो. त्यामुळे चौथ्या-पाचव्या फेरीनंतर रुग्ण दिसेनासा होतो. त्याने टाळाटाळ केली, असे म्हणणे आम्हांला अन्यायाचे वाटते. दर वाढविले तर तूट भरून निघेल, पण जे थोडे रुग्ण अजून येतात, तेही यावयाचे थांबतील.

मग सारे काम कुटुंबाला शिकवून मोकळे व्हावे काय? हा प्रयोग आपल्याच देशात झाला आहे. १४ रुग्णालयांतील १२५० रुग्णांच्या, २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत कुटुंबीयांना पुनर्वसनाचे प्रशिक्षण देण्यात आले. सहा महिन्यांनी मृत्यू वा परावलंबन यांचे प्रमाण दोन्ही गटांत सुमारे ४७ टक्केच राहिले. कुटुंबाशिवाय आवर्तने होत नाहीत आणि केवळ कुटुंबाच्या भरवशावर काम भागत नाही, असा आम्ही याचा अर्थ लावतो. म्हणून विश्वस्त मंडळाने भौतिकोपचारतज्ज्ञांच्या गृहभेटींचा खर्च तुटीसह चालू ठेवला आहे. भेटीत घरातील उंबरठा, खाटेची उंची व शौचालय पाहून व्यायाम ठरविले जातात आणि भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर आवर्तनांचा आकडा रोज लिहावयास सांगितला जातो.

रुग्णोपयोगी साहित्य केंद्रातून चारपायी काठी, वॉकर व कमोडची खुर्ची अनामत रकमेवर मिळते. गरजू रुग्णांकडून अनामत घेतली जात नाही. साहित्य परत करताना रुग्ण आता कसा चालतो, याची नोंद खिडकीवरील वहीत करावी, ही विनंती.