‘महोगनी’ म्हणजे ‘सॉलिड वूड’ नव्हे! युकुलेले घेण्याआधी काय तपासाल?

युकुलेले घ्यायचं ठरवलं की पहिला सल्ला मिळतो, ‘सॉलिड वूडचंच घे.’ पण ‘महोगनी’ लिहिलेलं एक युकुलेले काही हजारांत मिळतं, तर तसंच दिसणारं दुसरं त्याच्या तिप्पट-चौपट किमतीत. असं का?

सॉलिड आणि लॅमिनेट

सॉलिड म्हणजे लाकडाची अखंड पातळ फळी. लॅमिनेट म्हणजे प्लायवूडसारखे एकमेकांवर चिकटवलेले थर. वरचा थर महोगनीचा असला तरी नावात ‘महोगनी’ येतं. ते खोटं नसतं, पण अपुरं असतं.

तार छेडली की सगळ्यात जास्त थरथरतो तो पुढचा भाग, म्हणजे टॉप. अखंड फळी मोकळेपणाने थरथरते, म्हणून आवाज भरीव येतो. ‘ऑल सॉलिड’मध्ये टॉप, पाठ आणि बाजू तिन्ही अखंड लाकडाच्या असतात. ‘सॉलिड टॉप’मध्ये फक्त पुढचा भाग अखंड, बाकी लॅमिनेट. बजेट कमी असेल तर हाच मधला मार्ग.

दुकानात कसं ओळखाल?

१. मधल्या गोल भोकाची कड बघा. लाकडाच्या रेषा वरून कडेत सरळ उतरत असतील तर सॉलिड. सँडविचसारखे थर दिसले तर लॅमिनेट. कडेवर पट्टी किंवा जाड रंग असेल तर ही खूण दिसत नाही.

२. मोबाइलच्या टॉर्चने आत बघा. पाठीवर बाहेरून दिसणारी गडद रेष आतूनही त्याच जागी असेल, तर पाठ सॉलिड असण्याची शक्यता जास्त.

३. ट्यूनर अॅप लावून मोकळी तार वाजवा, मग तीच बाराव्या फ्रेटवर. तोच सूर एक सप्तक वर यायला हवा. तो बेसूर असेल, तर लाकूड कितीही चांगलं असो, घेऊ नका.

मुंबईचा पाऊस विसरू नका

सॉलिड लाकडाला साधारण ४० ते ६० टक्के आर्द्रता मानवते. मुंबईत जुलै-ऑगस्टमध्ये ती ८० टक्क्यांच्या वर जाते. लाकूड फुगतं, टॉपला फुगवटा येतो. उलट सतत एसी असलेल्या खोलीत ते सुकून चिरू शकतं. म्हणून केस, सिलिका जेलच्या पुड्या आणि छोटा आर्द्रतामापक यांचा खर्चही बजेटमध्ये धरा. रोज पाठीवरच्या बॅगेत टाकून लोकलने न्यायचं असेल, तर चांगलं लॅमिनेटच जास्त टिकेल.

पैसे कुठे वाचतील?

२१ इंची सोप्रानो सहसा २६ इंची टेनरपेक्षा स्वस्त असतं. नक्षी आणि चकाकीला पैसे मोजू नका. सेकंड हँड घेताना टॉपवरच्या चिरा आणि ब्रिज उचलला गेलाय का, ते तपासा. जुन्या तारा बदलल्या तरी आवाजात फरक पडतो.

कुठे बघाल?

गिरगावला लागून असलेल्या धोबी तलावला ‘फुर्टाडोज’ आहे. १८६५ पासूनचं हे नाव पाश्चात्त्य वाद्यांसाठी ओळखलं जातं. जवळचं स्टेशन मरीन लाइन्स. दादरहून मेट्रो-३ने काळबादेवीला उतरलात तरी चालेल. ऑनलाइनच घेणार असाल, तर आधी इथे दोन-तीन वाद्यं हातात घेऊन ऐका. आणि विक्रेत्याला थेट विचारा, ‘टॉप सॉलिड आहे की पूर्ण बॉडी?’ उत्तर फक्त ‘महोगनी आहे’ असं आलं, तर टॉर्च काढा.