देवनारचा रस्ता आणि सायकलीचा टायर

घाटकोपर, विक्रोळी किंवा चेंबूर येथून पहाटे सायकल काढावयाची आणि वाशीच्या खाडीपुलापलीकडे जाऊन ऊन तापण्यापूर्वी परतावयाचे, असा परिपाठ ठेवणारी मंडळी पूर्व उपनगरांत पुष्कळ आहेत. आणि घाटकोपर–मानखुर्द जोडरस्त्याने जा की वि. ना. पुरव मार्गाने जा, देवनारची हद्द ओलांडल्यावाचून त्यांपैकी बहुतेकांचे चालत नाही. दक्षिण मुंबईकडून येणाऱ्यालाही, पूर्व मुक्त मार्गावर दुचाकी वाहनांस मनाई असल्यामुळे, खालच्या रस्त्याने येऊन अखेर याच वाटेला लागावे लागते. सायकलीवर लाखभर रुपये खर्च करणारा गृहस्थ टायरच्या बाबतीत मात्र दुकानदार देईल ते निमूटपणे पत्करतो, आणि मग मानखुर्दच्या अलीकडे, डंपरांच्या धुराळ्यात, सायकल उलटी करून बसतो, हे दृश्य या रस्त्यावर इतके नित्याचे आहे की टायरची निवड हा विषय थोडा विस्ताराने मांडण्यास हरकत नसावी.

या रस्त्याची प्रकृती निराळी असण्यास कारणे आहेत. 1927 पासून शहराचा कचरा देवनारच्या क्षेपणभूमीवर येत आहे. 1971 पासून महानगरपालिकेचा कत्तलखाना येथे चालतो. माहुलकडील तेलशुद्धीकरणाच्या कारखान्यांमुळे टँकरांची ये-जा अहोरात्र असते. आणि गोवंडी-मानखुर्दच्या वस्त्यांतून भंगार गोळा करणे, फोडणे, वर्गवारी लावून विकणे या उद्योगावर असंख्य कुटुंबांचा चरितार्थ चालतो. अशा रहदारीतून रस्त्यावर जे सांडते ते मोटारींच्या चाकांनी झाडले जाऊन कडेला साचते. आणि सायकलस्वाराने जिच्या आधाराने जावे अशी वाहतूक पोलिसांपासून ट्रकचालकांपर्यंत सर्वांची अपेक्षा असते, ती कडा नेमकी हीच.

या संचितात काचा असतात, खिळे असतात, पत्र्याच्या कपच्या असतात. परंतु सायकलस्वाराचा खरा वैरी त्याहून पुष्कळ क्षुद्र असतो. अवजड वाहनांच्या रेडियल टायरांत बळकटीसाठी पोलादी तारांचे थर घातलेले असतात, आणि असा टायर झिजून उघडा पडला किंवा फुटून त्याच्या चिंध्या झाल्या म्हणजे त्या तारांचे बारीक, केसाहून थोडेसेच जाड असे तुकडे रस्ताभर विखुरतात. हा तुकडा दिसत नाही, रुतला तेव्हा कळत नाही, आणि हवाही एकदम जात नाही. तो प्रत्येक फेऱ्यागणिक किंचित आत सरकत राहतो आणि स्वार घरी पोहोचून झोपल्यावर ट्यूबपर्यंत जातो. पावसाळ्यात हा उपद्रव वाढतो, कारण ओले रबर काचेने वा तारेने सहज कापले जाते, आणि पाण्यामुळे रस्त्यावरील धारदार वस्तू टायरला चिकटूनही राहतात.

पंक्चर न होऊ देणारे म्हणून जे टायर विकले जातात त्यांची परीक्षा या तारेच्या संदर्भात केली पाहिजे. या टायरांत चालपट्टीच्या रबराखाली आणि सुती वा नायलॉनच्या अस्तराच्या वर एक संरक्षक पट्टा असतो, आणि हा पट्टा मूलतः दोन जातींचा असतो. पहिली जात विणलेल्या चिवट धाग्यांची. ड्यूपाँ कंपनीच्या प्रयोगशाळेत स्टेफनी क्वोलेक या विदुषीने 1965 मध्ये शोधलेला, आणि पुढे बंदुकीच्या गोळ्या अडविणाऱ्या अंगरख्यांमुळे ख्यातनाम झालेला केवलार हा या वर्गातला. आणि व्हेक्ट्रन हा धागाही त्यातलाच, जो 1997 मध्ये मंगळावर उतरलेल्या पाथफाइंडर यानाच्या हवेच्या उश्यांत वापरला गेला आणि काँटिनेंटल या जर्मन कंपनीच्या शर्यतीच्या टायरांतही वापरला जातो. दुसरी जात केवळ जाडीची: श्वाल्बे या दुसऱ्या जर्मन कंपनीच्या मॅरॅथॉन प्लस या टायरात चालपट्टीखाली पाच मिलिमीटर जाडीचा लवचिक रबराचा थर असतो, आणि टाचणी घुसली तरी तिची लांबी ट्यूबपर्यंत पुरू नये, एवढाच त्यामागचा सरळसाधा विचार आहे.

येथे ग्राहकाची बहुधा फसगत होते. गोळी अडविणारा धागा म्हटल्यावर तो तार अडविणारच, असे त्याला वाटते. परंतु विणलेला पट्टा काचेच्या धारेला, म्हणजे कापणाऱ्या वस्तूला, जितका समर्थपणे रोखतो तितका टोचणाऱ्या वस्तूला रोखत नाही. गोधडी कितीही घट्ट शिवलेली असली तरी सुई दोन धाग्यांच्या मधून वाट काढतेच. तीच गत बारीक तारेची आणि विणलेल्या पट्ट्याची. तारेपुढे उपयोगी पडते ते अंतर, म्हणजे जाडी. म्हणून बांद्रे-वरळीच्या बाजूला, जेथे फुटलेल्या बाटल्यांची काच हाच मुख्य उपद्रव, तेथे केवलारचा हलका टायर पुरेसा होईल. देवनारच्या वाटेने रोज जाणाऱ्याने मात्र जाडीचाच विचार आधी करावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

जाडीची किंमत अर्थातच मोजावी लागते. टायर जमिनीवर टेकतो तेथे प्रत्येक क्षणी दबतो आणि पुन्हा पूर्ववत होतो, या दबण्या-उठण्यात काही शक्ती उष्णतेच्या रूपाने वाया जाते, आणि रबर जितके जाड व ताठ तितका हा अपव्यय अधिक. शर्यतीचा पंचवीस मिलिमीटर रुंदीचा उत्तम टायर सव्वादोनशे ग्रॅमच्या आसपास भरतो; जाड पट्ट्याचा टायर त्याच्या दुपटीहून जड असतो, आणि वजनापेक्षाही त्याचा ताठपणा मांड्यांना जाणवतो. 200 किलोमीटरची ब्रेव्हे, म्हणजे ठरावीक वेळेत पुरी करावयाची लांब पल्ल्याची सायकलफेरी, ठरलेल्या साडेतेरा तासांत पुरी करू पाहणाऱ्याला हा बोजा सलतो, हे खरे. परंतु त्याच्या घड्याळात पंक्चर काढण्याचा वेळही धरलेला असतो, हे त्याने विसरू नये. भरीव रबराचा, मुळीच हवा नसलेला टायर हा या विचारसरणीचा अखेरचा टप्पा. तो पंक्चर होत नाही, आणि खड्ड्यांतून जाताना शरीराच्या प्रत्येक सांध्याला रस्त्याची हकीकत सांगतो. 1845 मध्ये टॉमसन याने हवेच्या चाकाचे पेटंट घेतले आणि 1888 मध्ये बेलफास्टच्या डनलॉप या पशुवैद्याने ते सायकलीसाठी पुन्हा शोधले, ते ज्या जाचातून सुटण्यासाठी, त्याच जाचात स्वखुशीने परतण्याचे मला तरी प्रयोजन दिसत नाही.

पट्ट्याच्या या चर्चेत एक साधी गोष्ट मागे राहते, ती म्हणजे रुंदी आणि दाब. सर्वच पंक्चर टोचल्याने होतात असे नाही. हवा कमी असताना चाक खड्ड्याच्या कडेवर आदळले म्हणजे ट्यूब रिम आणि रस्ता यांच्यामध्ये चिरडली जाते आणि तिला शेजारी-शेजारी दोन छिद्रे पडतात. या प्रकारापुढे जगातला कोणताही संरक्षक पट्टा हतबल असतो. तेवीस मिलिमीटरचे अरुंद टायर दगडासारखे फुगवून फिरण्याची जी रीत एके काळी प्रतिष्ठेची मानली जाई, ती शर्यतीच्या जगातही आता मागे पडली आहे. सायकलीची चौकट आणि ब्रेक सामावून घेत असतील तर अठ्ठावीस किंवा बत्तीस मिलिमीटरचा टायर घ्यावा, कारण त्यात हवा अधिक मावते, तो कमी दाबावरही रिमला आदळू देत नाही, आणि कमी दाबाचा टायर बारीकसारीक वस्तूंवरून लवून जातो. सत्तर किलो वजनाच्या स्वाराला पंचवीस मिलिमीटरसाठी ऐंशी-नव्वद पौंड दाब लागत असेल तर बत्तीससाठी साठाच्या आतबाहेरचा पुरतो. फक्त हा दाब निघण्यापूर्वी तपासला पाहिजे. अंगठ्याने दाबून पाहण्याची आपली वहिवाट अशा टायरांच्या बाबतीत काहीच सांगत नाही.

ट्यूबलेस टायरविषयी थोडे सांगितले पाहिजे. यात ट्यूबऐवजी टायरात पातळ रबरी द्राव घातलेला असतो, छिद्र पडताच तो तेथे धावतो आणि गोठून ते बुजवितो. तारेच्या बारीक छिद्रांसाठी यासारखा उपाय नाही. परंतु रिम त्यासाठी घडविलेली असावी लागते, मुंबईच्या उष्म्यात हा द्राव काही महिन्यांतच सुकतो म्हणून तो वेळोवेळी भरावा लागतो, आणि तुकडा टायरातून काढून टाकल्याखेरीज काम पुरे होत नाही. हाताने थोडीफार डागडुजी करण्याची ज्याला आवड आहे त्याने ही वाट धरावी. ज्याला नाही त्याला ट्यूबच बरी.

दोन्ही चाकांना एकसारखा टायर हवाच, असाही नियम नाही. स्वाराच्या वजनाचा मोठा भाग मागील चाकावर असतो, आणि पुढील चाकाने उभी केलेली खिळ्यासारखी वस्तू बहुधा मागीलच चाकात शिरते. म्हणून मागे जाड पट्ट्याचा टायर आणि पुढे, जेथे ओल्या रस्त्यावर पकड महत्त्वाची, तेथे मऊ रबराचा हलका टायर, ही जोडी मला सर्वांत शहाणपणाची वाटते. एका परदेशी टायरला काही हजार रुपये पडतात, तेव्हा दोनऐवजी एकच जड टायर घेणे खिशालाही मानवते. खरेदी करताना टायरच्या कुशीवर छापलेला 28-622 असा आकडा पाहावा, कारण त्यातला दुसरा भाग रिमवर टायर बसतो तेथील व्यास मिलिमीटरमध्ये सांगतो. आपल्या दूधवाल्यांच्या काळ्या सायकलींचा अठ्ठावीस इंची टायर 635 चा असतो आणि हल्लीच्या रस्त्याच्या सायकलीचा 622 चा, जो काही ठिकाणी अठ्ठावीस इंची म्हणूनच ओळखला जातो. केवळ इंचांवर विसंबणाऱ्याला यामुळे दुकानाचा दुसरा हेलपाटा पडतो.

आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा हे तीन मुंबईकर तरुण 1923 च्या ऑक्टोबरात सायकलीवरून पृथ्वीप्रदक्षिणेला निघाले आणि 1928 च्या मार्चात परतले, तेव्हा केवलारचा जन्म व्हायला अजून चार दशके अवकाश होता. ठिगळ लावणे ही विद्या तेव्हा आवश्यक होती, आणि आजही उत्तमातला उत्तम टायर ती अनावश्यक करीत नाही. पंक्चर काढताना टायरवरील नाव व्हॉल्व्हच्या समोर येईल असाच तो बसविण्याची सवय ठेवावी, म्हणजे ट्यूबमधले छिद्र सापडताच टायरात तार कोठे असेल हे आपोआप कळते. टायरच्या आतून बोट फिरविण्याऐवजी सुती फडके फिरवावे, ते तारेत अडकते आणि बोट शाबूत राहते. तार चिमट्याने उपटून काढल्याखेरीज नवी ट्यूब घालणे व्यर्थ आहे. बसविण्यापूर्वी ट्यूबला थोडे शंखजिरे लावले तर ती टायरला चिकटत नाही.

मोठ्या हमरस्त्यांच्या कडेला पहाटेपासून पंक्चरवाले बसतात, त्यांच्याकडे पाण्याचे घमेले असते, सोल्युशन असते, कॉम्प्रेसर असतो, आणि त्यांचा हात आपल्याहून दसपट तयार असतो. परंतु ट्रक आणि मोटारसायकली हे त्यांचे गिऱ्हाईक असल्यामुळे रस्त्याच्या सायकलीचा अरुंद प्रेस्टा व्हॉल्व्ह त्यांच्या नळीला बसत नाही, आणि त्या मापाची ट्यूबही त्यांच्याकडे मिळण्याची शाश्वती नसते. म्हणून एक सुटी ट्यूब आणि व्हॉल्व्हवर फिरवून बसविण्याची पितळेची छोटी टोपी आसनाखालच्या पिशवीत ठेवावी. ही टोपी सायकलीच्या दुकानात अगदी किरकोळ किमतीत मिळते, आणि तिच्यामुळे कोणत्याही कॉम्प्रेसरची हवा आपल्या चाकात भरता येते.