लेखांक १३ : ग्वाल्हेरचा मोती, कोल्हापूरची वाट

इंदूरच्या होळकरांची ड्यूसेनबर्ग आज आणतो, असं गेल्या आठवड्यात कबूल केलं होतं. तिला आणखी आठवडाभर गॅरेजात राहू द्या. वर्सोव्याच्या एका वाचकांनी असा प्रश्न विचारलाय, की तो उद्यावर टाकणं मला तरी जमणार नाही.

ते लिहितात, ‘आमच्या वस्तीचं नाव ज्या सात बंगल्यांवरून पडलं, त्यांतला एक ग्वाल्हेरच्या शिंद्यांचा. तुमच्या लेखमालेत लंडनच्या बॉडी बांधणाऱ्यांची नावं सारखी येतात. मग शिंदे सरकारांनी रोल्स-रॉइस घेतली, ती विलायतेला जाऊनच घेतली असणार ना?’

नाही साहेब. मुंबईत आलेली गाडी घेतली, आणि तीही कोल्हापूरच्या वाटेवर कसाला लागलेली.

१९०८ सालची गोष्ट. मोटर युनियन ऑफ वेस्टर्न इंडिया या संस्थेने मुंबई-कोल्हापूर चाचणी भरवली. अंतर ६२० मैल, म्हणजे जवळजवळ हजार किलोमीटर, आणि त्यात सहा मोठे घाट. आज मुंबईहून कोल्हापूर चारशे किलोमीटरही भरत नाही. यावरून संयोजकांना गाड्यांचा किती अंत पाहायचा होता ते समजा. फ्रँक नॉर्बरी नावाच्या इंग्रजाने या चाचणीत ४०/५० हॉर्सपॉवरची रोल्स-रॉइस उतरवली आणि बाजी मारली. ‘पर्ल ऑफ द ईस्ट’, पूर्वेचा मोती, या नावाने ती पुढे ओळखली गेली. ती विकत घेतली ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांनी.

अशा चाचणीत वेगाला फारसा भाव नसे. गाडी आपण होऊन किती वेळा बंद पडली, यावर सगळं ठरे. आदल्याच वर्षी याच जातीच्या एका गाडीने विलायतेत विक्रम केला होता. एएक्स २०१ नंबरची, बार्करने बॉडी बांधलेली ती रुपेरी गाडी, जिच्यावरून ‘सिल्व्हर घोस्ट’ हे नाव पडलं. १५,००० मैलांच्या धावेत ती एकदाच बंद पडली, ६२९ व्या मैलाला. कारण काय? पेट्रोलची तोटी हादऱ्यांनी आपोआप बंद झाली! इंजिन ठणठणीत, गियर ठणठणीत आणि बोटभर तोटीने गाडी उभी. पुढचे १४,३७१ मैल ती सक्तीने कुठेच थांबली नाही. कोल्हापूरची चाचणी ६२० मैलांची होती. त्या तोटीचा किस्सा मला नेहमी आठवतो, तो या आकड्यामुळे.

आता घाटाकडे या. बोरघाटाचा गाडीरस्ता १८३० सालचा, गव्हर्नर माल्कमच्या कारकिर्दीतला. घोड्याबैलांच्या काळातला रस्ता. मोटार तेव्हा कुणाच्या स्वप्नातही नव्हती. त्या चढावर सात लिटरचं, सहा सिलिंडरचं इंजिन कमी फेऱ्यांतही गाडी ओढत राहतं, ही या गाडीची खरी मिजास. चढ तसा निभतो. पोटात गोळा येतो तो उतारावर. तेव्हाच्या रोल्सला पुढच्या चाकांना ब्रेकच नव्हते, जे काही होतं ते मागच्या चाकांसाठी. चाकांचे आरे लाकडाचे. कोरड्या हवेत आरे आकसले की चाक कुरकुरायला लागे आणि ड्रायव्हर त्यावर बादलीने पाणी ओते. दीड टनावरची गाडी, खाली दरी, समोरून बैलगाड्यांची रांग. इतिहास म्हणून हे वाचायला मजा येते, पण त्या सीटवर बसायला मी जाणार नाही.

आता माझा आवडता विषय, बॉडी. नियमित वाचकांना ठाऊक आहे, की कंपनी विकायची ती नुसती चासी. आपल्याकडे ट्रकची उघडी चासी बॉडी बिल्डरकडे जाते, तोच प्रकार. फक्त इथे बॉडी बिल्डर बार्करसारखा, १७१० पासून बग्ग्या बांधणारा. सांगाडा अ‍ॅश लाकडाचा, त्यावर हाताने ठोकलेला अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा. घाटात चासी पिळवटते, एक चाक खड्ड्यात तर दुसरं दगडावर. अशा वेळी सांगाड्याने थोडं द्यावं लागतं. अ‍ॅशची निवड त्यासाठीच, ते लवचीक आणि चिवट असतं. सांधा फार घट्ट केला तर लाकूड फाटतं. ढिला ठेवला तर दार खडखडतं. सगळी कारागिरी या दोहोंमधल्या जागेत.

ती कारागिरी कशी हरते, हे पाहायला समुद्राला लागून असलेल्या आपल्या वर्सोव्यासारखी जागा नाही. यारी रोडच्या एका शेडमध्ये मागे एका जुन्या मोटारीचं दार उघडून ठेवलेलं पाहिलं. गाडी तीसच्या दशकातली. बाहेरून पॉलिश अगदी आरशासारखं. पत्रा उचलला आणि आत जिथे जिथे लोखंडी खिळा अ‍ॅल्युमिनियमला भिडला होता, तिथे पांढरी भुकटी. दोन धातू, मध्ये खारा ओलावा, की अ‍ॅल्युमिनियम झिजणारच. बिजागरीजवळचं लाकूड नखाने टोकरलं, तर तंबाखूसारखं हातात आलं. तिथल्या सुताराने नवा गुटका कापला तो सागाचा, आणि बसवला पितळी स्क्रूने. जाणकार नाक मुरडतील, मूळ लाकूड बदललं म्हणून. माझं मत सुताराच्या बाजूने. समुद्रकिनारी गाडी ठेवायची तर साग आणि पितळ यांना तोड नाही.

पण पुन्हा ग्वाल्हेरकडे. माधवराव महाराज (१८७६ ते १९२५) यंत्रवेडे. जयविलास महालातल्या जेवणाच्या टेबलावर फिरणारी चांदीची आगगाडी त्यांचीच, ब्रँडी आणि सिगार घेऊन पाहुण्यांसमोर येणारी. अशा माणसाला कॅटलॉगमधल्या चित्राने भुरळ पडेल? त्यांनी सह्याद्री चढून-उतरून आलेली गाडी घेतली, यात मला नवल वाटत नाही. हिंदुस्थानात रोल्स-रॉइसचं नाव झालं, त्याचं श्रेय लोक राजेलोकांच्या लहरींना देतात. १९११ च्या दिल्ली दरबारासाठी आठ रोल्स आल्या आणि मग संस्थानांत त्यांची रीघ लागली, हे खरं. पण त्याआधी तीन वर्षं घाटातल्या धुळीत या गाडीने परीक्षा दिली होती. हिंदुस्थानातल्या रोल्सचा इतिहास लिहायचा तर तो राजवाड्याच्या पोर्चमधून नव्हे, घाटातून सुरू करावा, असं माझं ठाम मत आहे.

(अलवरच्या महाराजांनी रोल्समधून कचरा वाहिल्याची कथा कुणी ना कुणी पाठवतच असतं. ती या लेखमालेत येणार नाही. कृपया पाठवू नये.)

एक विनंती मात्र आहे. घरात, वाड्यात, नातलगांच्या शेडमध्ये अशी एखादी जुनी गाडी असेल, तर दार उघडून खाली उंबरठ्याची पट्टी पाहा. बॉडी बांधणाऱ्याचं नाव बहुधा तिथेच कोरलेलं असतं. ते जसंच्या तसं उतरवून कळवा. पट्टीला ब्रासो लावू नका, घासून घासून अक्षरंच जातात. ड्यूसेनबर्ग पुढच्या आठवड्यात, नक्की.