आधी पाहा, मग नाव द्या

जिऑलॉजीच्या पहिल्या प्रात्यक्षिकाला मी प्रत्येकाच्या हातात एक दगड देते आणि वहीच्या पानावर मधोमध उभी रेघ मारायला सांगते. डोळ्यांना आणि हाताला जे कळेल तेवढंच डावीकडे लिहायचं. रंग कोणता, दगड हाताला जड लागतो की हलका, कण दिसतात का, भोकं आहेत का, नखाने ओरखडा उठतो का. या सगळ्याचा अर्थ उजवीकडे, आणि तोही नंतर. दर वर्षी कुणीतरी लगेच म्हणतं, "मॅडम, हा बेसाल्ट!" मी विचारते, "कशावरून?" मग वर्ग शांत होतो आणि मुलं दगड पुन्हा हातात घेतात.

मी पुण्यात बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला भौतिक भूविज्ञान शिकवते. खनिजं आणि खडक कसे तयार होतात, ज्वालामुखी आणि भूकंप कशामुळे होतात, नद्या जमीन कशी कापतात, पृथ्वीच्या कवचाचे तुकडे कसे सरकतात, असा अभ्यासक्रमाचा पसारा मोठा आहे. बरीच मुलं तो पाठ करायच्या तयारीने येतात. पण जे दिसलं ते एकीकडे आणि त्यावरून जे वाटलं ते दुसरीकडे ठेवायची सवय लागली, की मगच हा विषय खऱ्या अर्थाने सुरू होतो.

सुरुवात खनिजांच्या ट्रेपासून. दोन पांढरे तुकडे शेजारी ठेवलेले असतात, एक कॅल्साइट आणि एक क्वार्ट्झ. नुसतं पाहून दोन्ही सारखेच वाटतात. चाकूच्या पात्याने कॅल्साइटवर सहज चरा पडतो, क्वार्ट्झवर पडत नाही. फ्रेडरिक मोस यांनी १८१२ साली मांडलेली कठीणपणाची श्रेणी आजही वापरतात. तिच्यात टाल्क १, कॅल्साइट ३, क्वार्ट्झ ७ आणि हिरा १०. सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाकला की कॅल्साइट फसफसतं, क्वार्ट्झ ढिम्म राहतं. हेमॅटाइटचा एखादा तुकडा दिसायला काळा-करडा असतो, पण खरबरीत चिनी मातीच्या पट्टीवर घासला की तांबडी रेघ उमटते. रंगावर फार विसंबायचं नसतं हे मुलांना तिथे आपल्या हातानेच कळतं.

मग येतो आपला काळा दगड. आज सुमारे ५ लाख चौरस किलोमीटरवर पसरलेला आणि महाराष्ट्राचा बहुतेक भाग व्यापणारा हा बेसाल्ट साधारण ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा आहे. त्यातले कण भिंगाशिवाय नीट दिसत नाहीत, कारण लाव्हा जमिनीवर येऊन लवकर निवला आणि स्फटिकांना वाढायला वेळच मिळाला नाही. खोल जमिनीत सावकाश निवलेल्या ग्रॅनाइटचे कण नुसत्या डोळ्यांनी दिसतात. कणांच्या आकारावरून खडक कुठे आणि किती सावकाश निवला हे सांगता येतं, हे मुलांना पहिल्यांदा उमगतं तेव्हा त्यांचे चेहरे बघण्यासारखे असतात.

यातलं खरं शिक्षण मात्र घाटात होतं. रस्त्यासाठी डोंगर कापलेला असतो तिथे सह्याद्रीचं पोट उघडं पडलेलं असतं. मुलांना समोर उभं करून मी सांगते, खालून वर वाचत जा. मधला भाग घट्ट, कमी भोकांचा. वर जावं तशी भोकं वाढतात, कारण लाव्ह्यातले वायू बुडबुडे होऊन वर चढले आणि पृष्ठभाग गोठल्यावर तिथेच अडकले. तळाशी कधी कधी उभ्या नळीसारखी बारीक भोकं सापडतात. एवढ्या खुणांवरून एका लाव्हाप्रवाहाचा तळ आणि माथा ठरवता येतो. त्यावर पुन्हा तोच क्रम दिसला तर तो दुसरा प्रवाह. दोहोंच्या मध्ये अनेक ठिकाणी विटेसारखा लाल थर असतो. तो सांगतो, की इथे उद्रेक थांबला होता. तेवढ्या काळात खडक कुजला, कुठे राख साचली, आणि मग पुढचा लाव्हा वर येऊन पसरला. १,६४६ मीटर उंचीचं कळसूबाईही अशाच प्रवाहांच्या थरांचं आहे. पुढे लाखो वर्षं पाणी झिरपत राहिलं आणि त्या भोकांत झिओलाइटचे स्फटिक वाढले. वाघोलीच्या दगडखाणीत मिळालेलं निळंशार कॅव्हनसाइट हे खनिज जगभरच्या संग्रहालयांत ठेवलेलं आहे.

अशाच एका कापलेल्या भिंतीपुढे पारनेरकडची एक विद्यार्थिनी म्हणाली, "मॅडम, आमच्या विहिरीत या भोकांच्या थराला पाणी लागलं, खालच्या काळ्या पाषाणाला नाही." तिच्या वहीच्या डाव्या बाजूची ही नोंद त्या दिवशीची सगळ्यांत मोलाची होती. घट्ट बेसाल्टमध्ये पाणी फक्त भेगांत राहतं. भोकांचा, कुजलेला, भेगाळलेला थर ते साठवतो आणि पुढे वाहू देतो. शेजारच्या दोन शेतांपैकी एकाची विहीर भरते आणि दुसऱ्याचं बोअर कोरडं जातं, त्याचं कारण बहुतेकदा या थरांतच असतं. पाणाड्याला बोलावणाऱ्या शेतकऱ्याची आशा मला समजते. त्या आशेला आधार मिळावा म्हणूनच गावातल्या मुलांनी हे थर वाचायला शिकावं असं मला फार वाटतं. याच मुलीच्या तालुक्यात, निघोजला, कुकडी नदीने पुरात वाहून आणलेले गोटे गरगर फिरवून काळ्या पाषाणात रांजणखळगे कोरले आहेत. पाण्याला पुरेसा वेळ दिला तर ते काय करतं, याचा इतका स्वच्छ पुरावा फार थोड्या ठिकाणी मिळतो.

नोंद तीच राहते, अर्थ मात्र बदलू शकतो. हे शिकवायला माझ्याकडे लोणार आहे. बेसाल्टमध्ये सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचा गोल खळगा, त्यात खारं पाणी, सभोवती उचललेली कड. ज्वालामुखीच्या खडकात आहे म्हणजे ज्वालामुखीचंच तोंड असणार, असं अनेक अभ्यासकांना दीर्घकाळ वाटत होतं. मग तळ्याच्या तळाखालून खडकाचे नमुने काढले गेले. प्रचंड धक्क्याने न वितळताच काच झालेलं फेल्डस्पार त्यांत सापडलं. एवढा दाब ज्वालामुखी निर्माण करू शकत नाही. १९७३ साली 'सायन्स' या नियतकालिकात हे निष्कर्ष छापून आले आणि लोणार उल्काघाताने झालं हे पक्कं झालं. कड, गोलाई, खारं पाणी या जुन्या नोंदी जशाच्या तशा राहिल्या. नव्या पुराव्याने उजवी बाजू तेवढी पुन्हा लिहिली.

कधी कधी हे पुन्हा लिहिणं फार महागात पडतं. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला, त्या वेळच्या भूकंपनकाशात तो भाग सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. हजारो माणसं गेली. दगडमातीच्या जाड भिंती आणि जड धाबी झोपेतल्या माणसांवर कोसळली. २००२ साली सुधारलेल्या नकाशातून तो सर्वांत कमी धोक्याचा पट्टाच काढून टाकला गेला. दरडींचा धडाही असाच महागात पडला: ३० जुलै २०१४ला आंबेगाव तालुक्यातलं माळीण गाव डोंगराच्या मातीखाली गेलं. तीव्र उतार, खडक कुजून झालेला जाड मातीचा थर आणि त्यात मुरलेला मुसळधार पाऊस एकत्र आले, की उतार स्वतःचा भार पेलू शकत नाही. अशा डोंगराखाली राहणाऱ्यांनी पावसाळ्यात काही खुणा पाहायला हव्यात: माथ्यावर पडलेल्या नव्या भेगा, कललेली झाडं आणि विजेचे खांब, घरांच्या भिंतींना अचानक गेलेले तडे, झऱ्याचं पाणी एकाएकी गढूळ होणं. यांतलं काही दिसलं तर ते लगेच प्रशासनाला कळवावं आणि घर सोडावं. अर्थ लावायला तज्ज्ञ येतील, पण नोंद गावानेच करायची असते, कारण तिथे रोज गावच असतं.

माझे काही विद्यार्थी पुढे खाणीत, बोगद्यांच्या कामावर आणि भूजल सर्वेक्षणात गेले, याचा मला अभिमान आहे. पण पहिल्या वर्षानंतर हा विषय सोडणाऱ्यांचाही मी तितकाच विचार करते. त्यांतलं कुणी सरपंच होईल, कुणी बांधकामाचा ठेका घेईल, कुणी तलाठी होईल. डोंगराचा पायथा कापून रस्ता नेताना, गावठाण हलवताना, विहिरीची जागा ठरवताना निर्णय त्यांच्या हातात असेल. नव्या शैक्षणिक धोरणात दुसऱ्या शाखेचा विषय निवडण्याची सोय आहे. मराठी किंवा अर्थशास्त्र घेतलेल्या मुलांनीही एक सत्र भूविज्ञानाला द्यावं आणि जिथे हा विभाग नाही तिथे पालकांनी तो मागावा. त्यासाठी महागडी यंत्रं लागत नाहीत. एक भिंग, एक हातोडा, आम्लाची छोटी बाटली, मधोमध रेघ मारलेली वही आणि घाटात घेऊन जाणारा शिक्षक एवढ्यावर सुरुवात होते. ज्या जमिनीवर आपण घर बांधतो आणि जिच्यातून पाणी उपसतो, ती वाचता येणं हे साक्षरतेतच मोजलं पाहिजे.