गुणपत्रकाची आज्ञावली आणि पायथनच्या दोन आवृत्त्या

औंधच्या आमच्या शाळेत गुणवत्ता यादी लावण्यासाठी पायथन या संगणकभाषेत लिहिलेली एक जुनी आज्ञावली होती. नवे संगणक आले आणि ती पहिल्याच ओळीवर अडली. आम्ही इतिहासाचे शिक्षक. तरी दुरुस्ती आमच्याकडे आली. त्यातून जे उमगले ते येथे मांडीत आहोत.

आज्ञावली पायथन २ मधली, नव्या संगणकांवर मात्र पायथन ३. ही तिसरी आवृत्ती डिसेंबर २००८ मध्ये आली. मुळातल्या चुका सुधारण्यासाठी निर्मात्यांनी मागील आवृत्तीशी असलेला मेळ जाणूनबुजून सोडला. १ जानेवारी २०२० पासून दुसऱ्या आवृत्तीची देखभालही थांबली.

काही बिघाड स्वतः ओरडून सांगतात. पूर्वी ‘प्रिंट’ या शब्दापुढे मजकूर लिहिला की भागे. आता तो कंसात घालावा लागतो. संगणक ओळीचा क्रमांक देऊन थांबतो. अशा वेळी संदेशाची शेवटची ओळ आधी वाचावी. दोषाचे नाव तिथेच असते. एक अडथळा तर उपकारकच ठरला. गैरहजर विद्यार्थ्याच्या एकूण गुणांच्या रकान्यात आम्ही ‘गैरहजर’ असे लिहीत असू. जुनी आवृत्ती कोणताही शब्द कोणत्याही संख्येपेक्षा मोठा मानी; उतरत्या क्रमाने लावल्यास गैरहजर विद्यार्थी पहिला! नवी आवृत्ती अशी तुलनाच नाकारते.

नावांची गोष्ट निराळी. जुनी आवृत्ती साध्या मजकुरातील अक्षरे न मोजता बाइट मोजी. ‘औंध’ या शब्दाची लांबी ती ९ सांगे, नवी ३ सांगते; कारण युनिकोडच्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट व्यापते. नावाचा रकाना २० चा ठेवलेला, म्हणून सहा चिन्हांनंतर नाव तुटे आणि पुढे निरर्थक चौकोन उमटे. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या शाळेत बाबासाहेबांचे नाव दाखल झाले, तो दिवस आपण विद्यार्थी दिवस म्हणून पाळतो. ज्यांच्या घरात शाळेच्या पटावर नाव लागणारी ही पहिली-दुसरी पिढी आहे, त्यांची नावे अशी अर्धवट छापली जात होती.

खरा धोका मूक बिघाडाचा. मोडी कागद वाचताना न लागलेले अक्षर फारसे फसवीत नाही. ठामपणे चुकीचे वाचलेले फसवते. भागाकाराचे तसेच झाले. जुन्या आवृत्तीत पूर्णांकाला पूर्णांकाने भागले की अपूर्णांक गळून पडे. ६०० पैकी ४५० आणि ४५५, दोघांनाही ७५ टक्के! बरोबरी झाली की क्रम अकारविल्हे लागे. त्यामुळे ४५५ गुणांचे नाव कित्येकदा खाली जाई. नव्या आवृत्तीत दुसऱ्याला ७५.८३ मिळतात. संगणक दोन्ही वेळा बिनतक्रार चालतो. टू-टू-थ्री हे रूपांतराचे साधन (तेही आता ३.१३ पासून सोबत मिळत नाही) कंस घालून देते, पण भागाकाराला हात लावीत नाही. एका तिरप्या रेघेऐवजी दोन दिल्या तर जुना हिशेब कायम ठेवता येतो. तो ठेवावा का, हे मात्र शिक्षकांनीच ठरवायचे असते. आम्ही ठेवला नाही.

मूळ आज्ञावलीची प्रत जपून, जुनेच गुण दोन्ही आवृत्त्यांना दिले आणि याद्या शेजारी ठेवून ओळीओळीने ताडल्या. जिथे क्रम बदलला त्या नावांवर लाल शाईने खूण करून त्या याद्या वर्गशिक्षकांच्या हाती दिल्या आहेत.