किन्हीराजाचा पत्ता प्रोग्रामला कसा कळेल?

‘किन्हीराजा, ता. मालेगाव, जि. वाशीम’ हा पत्ता आपण एका नजरेत वाचतो. यातून गाव, तालुका, जिल्हा वेगळे काढायला प्रोग्रामला मात्र नियम सांगावे लागतात.

गैरसमज : स्वल्पविरामावर तोडलं की झालं.

स्वल्पविराम सगळेच देत नाहीत. टिंबावर तोडावं, तर ‘ता.’ आणि ‘जि.’ यांची टिंबं आडवी येतात. शिवाय मालेगाव नाशिक जिल्ह्यातही आहे, म्हणजे जिल्हा कळल्याशिवाय तालुका पक्का होत नाही. नुसते तुकडे हाती येऊन भागत नाही, कुठला तुकडा काय आहे हेही कळायला हवं.

गैरसमज : रेग्युलर एक्स्प्रेशनला मराठी शब्द आपोआप ओळखता येतो.

रेग्युलर एक्स्प्रेशन म्हणजे मजकुरात काय शोधायचं त्याचा खुणांनी लिहिलेला नमुना. पायथॉनच्या नेहमीच्या ‘री’ मॉड्यूलमध्ये शब्दातल्या अक्षरांसाठीची ठरलेली खूण वापरून ‘किन्हीराजा’ शोधून पाहा. हाती येतात पाच सुटे तुकडे : क, न, ह, र, ज. वेलांट्या, काने, हलन्त सगळे गळून पडतात, कारण ही खूण त्यांना अक्षर मानतच नाही. गावाच्या नावाचं असं व्हावं, हे मला खपत नाही. युनिकोडमध्ये या नावात १० चिन्हं आहेत, वाचणाऱ्यासाठी मात्र अक्षरं चारच : कि, न्ही, रा, जा. ‘न्ही’सारखं देवनागरी जोडाक्षर अखंड धरण्याचा नियम युनिकोडच्या मूळ नियमांत आला तो थेट २०२३ साली, १५.१ या आवृत्तीत. तुमची लायब्ररी त्याआधीची असेल, तर ‘न्’ आणि ‘ही’ वेगळे पडतील.

गैरसमज : पार्सर कॉम्बिनेटर हे फक्त पंडितांचं काम.

तुकडे ओळखायचे नियम लिहायचा हा दुसरा मार्ग. मुळात कल्पना साधी आहे. एक छोटं फंक्शन मजकूर घेतं आणि ओळखलेला भाग व उरलेला मजकूर परत देतं, हा झाला पार्सर. अशी फंक्शनं ‘यानंतर ते’, ‘हे किंवा ते’, ‘पुन्हा पुन्हा’ अशी जोडत जायची, हे जोडणारे ते कॉम्बिनेटर. ‘गावाचं नाव’, ‘तालुका’, ‘जिल्हा’ ही तीन फंक्शनं स्वतंत्रपणे तपासता येतात आणि जोडली की ‘पत्ता’ तयार होतो. संगणकशास्त्रज्ञ फिलिप वॅडलर यांनी १९८५च्या निबंधात अशा फंक्शनचं उत्तर यादीत द्यायचं, अपयश म्हणजे रिकामी यादी, यश म्हणजे भरलेली यादी, अशी मांडणी केली. हॅस्केल भाषेतली पार्सेक ही पार्सर कॉम्बिनेटरची लायब्ररी पुढे डान लायेन यांनी लिहिली. आता अशा लायब्रऱ्या जावास्क्रिप्ट, पायथॉन, रस्टमध्येही आहेत.

गैरसमज : ‘हे किंवा ते’ लिहिलं की दोन्ही पर्याय तपासले जातात.

इथे फार जण फसतात. कुणी ‘जि.’ लिहितो, कुणी ‘जिल्हा’. पार्सेकमध्ये ‘जि.’ हा पर्याय आधी ठेवला आणि मजकुरात ‘जिल्हा’ आला, तर पहिला पर्याय ‘जि’पर्यंतचा मजकूर वापरून टाकतो आणि टिंब न सापडल्याने अडतो. मजकूर वापरून अपयश आलं, की दुसऱ्या पर्यायाकडे वळायचंच नाही, असा तिथला नियम आहे. मग पहिल्या पर्यायाला ‘ट्राय’ लावून मागे फिरायची मुभा द्यावी लागते, किंवा समान ‘जि’ आधी एकदाच वाचून पुढे ‘.’ की ‘ल्हा’ एवढंच विचारावं लागतं. मला दुसरा मार्ग पसंत आहे, कारण त्यात मागे फिरावंच लागत नाही. ‘वाशीम’ आणि ‘वाशिम’ या दोन लेखनांनाही तोच मार्ग लागू पडतो : ‘वाश’ एकदा, मग दीर्घ किंवा ऱ्हस्व वेलांटी, मग ‘म’.