अनुताईंना निवृत्ती ठाऊकच नव्हती!

मे महिना संपत आला की आपल्याकडे शाळाशाळांतून निरोप समारंभांची धांदल उडते. जुन्या पिढीतल्या कितीतरी गुरुजींची आणि बाईंची जन्मतारीख १ जून! पहिलीत नाव घालताना हेडमास्तरांनी अंदाजाने लिहिलेली. मग राहुरी काय किंवा वांबोरी काय, ३१ मे आला की एकदम चार-पाच जणांच्या गळ्यात हार पडतात. शाल, श्रीफळ, दोन भाषणं, डोळ्यांत पाणी. आणि चहा घेताना सगळ्या बाईंना विचारला जाणारा तो प्रश्न, ‘बाई, आता काय करणार?’ उत्तरही ठरलेलं असतं, ‘करायचंय काय? नातवंडं सांभाळायची, देवदर्शन करायचं.’

यात वावगं काहीच नाही. पस्तीस-छत्तीस वर्षं घर आणि शाळा ओढल्यावर विश्रांती हा बाईचा हक्कच आहे. पण या दिवसांत मला हटकून आठवतात त्या अनुताई वाघ. जिल्हा परिषदेचा हिशेब लावला तर त्यांनी १९६८ मध्ये, अठ्ठावन्नाव्या वर्षी, शाल-श्रीफळ घेऊन घरी बसायला हवं होतं. त्यांच्या वाट्याला मात्र त्यापुढेही चोवीस वर्षांचं काम आलं.

अनुताईंचा जन्म १७ मार्च १९१० चा, पुणे जिल्ह्यातल्या मोरगावचा. तेराव्या वर्षी लग्न झालं आणि सहा महिन्यांतच कपाळाचं कुंकू गेलं. त्या काळात अशा मुलीपुढे काय वाढून ठेवलेलं असे, ते आपल्या आज्या-पणज्यांना विचारा. अनुताई शिकल्या, शिक्षिकेचं ट्रेनिंग घेतलं आणि १९२९ पासून नाशिक जिल्ह्यात, आपल्या मनमाडपलीकडच्या चांदवड तालुक्यात त्यांनी नोकरी केली. पुढे पुण्याच्या नावाजलेल्या हुजूरपागेत लागल्या. दिवसा शिकवायचं आणि रात्रशाळेत स्वतः शिकायचं, असं करत १९३७ मध्ये मॅट्रिक झाल्या.

म्हणजे बघा, पुण्यात कायमची नोकरी, हुजूरपागेसारखी शाळा, महिन्याच्या महिन्याला पगार. एकट्या बाईला त्या काळी याहून मोठा आधार कोणता? तो आधार १९४५ मध्ये त्यांनी स्वतःहून सोडला. ताराबाई मोडकांची आणि त्यांची गाठ पडली आणि पस्तिशीतल्या अनुताई ताराबाईंसोबत समुद्रकाठच्या बोर्डी गावात बालवाडी चालवायला निघाल्या. ताराबाई तेव्हा त्रेपन्न वर्षांच्या. शहरातल्या श्रीमंत मुलांसाठी असलेलं बालशिक्षण खेड्यातल्या गरिबाच्या पोरापर्यंत न्यायचं, ही त्यांची तळमळ.

बालवाडी तर उघडली, पण पोरं यायला हवीत ना! वस्तीतली मुलं येईनात. मग या दोघींनी साधा विचार केला. मूल शाळेत येत नाही तर शाळा त्याच्या अंगणात नेऊ. वस्तीवर जायचं, अंगण झाडायचं, पोरांचे हातपाय धुवायचे, केस विंचरायचे, नखं कापायची, मग गाणी-गोष्टी. खेळणी कुठली? शिंपले, खडे, बिया, पानं, काड्या. विकतच्या साहित्यावाचून मुलं मोजायला शिकली, रंग-आकार ओळखू लागली. आज गावोगावी जी ‘अंगणवाडी’ आपण पाहतो, तिच्या नावाची आणि कल्पनेची मुळं या बोर्डीच्या अंगणात सापडतात. सरकारची एकात्मिक बालविकास योजना आली ती त्यानंतर तीसेक वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ ला.

१९५७ मध्ये काम डहाणूजवळच्या कोसबाडच्या टेकडीवर हललं. (तेव्हाचा ठाणे जिल्हा, २०१४ पासून पालघर.) तिथे वारली आदिवासींचे पाडे. मुलगा गुरांमागे रानात आणि मुलगी धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन घरात. शाळेत येणार कोण? गुरं राखणाऱ्यांसाठी मग कुरणातच शाळा भरू लागली, तिचं नाव कुरणशाळा. आणि थोरल्या मुलीसाठी? पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली. बाळ पाळणाघरात, मधलं बालवाडीत आणि ताई वर्गात! या सगळ्या धबडग्यात १९६१ मध्ये, पन्नाशी उलटल्यावर, अनुताई बी.ए. सुद्धा झाल्या.

३१ ऑगस्ट १९७३ ला ताराबाई गेल्या. अनुताई तेव्हा त्रेसष्ट वर्षांच्या. ‘आता पुरे’ म्हणायला याहून चांगलं निमित्त नव्हतं. पण टेकडीवरचं काम त्यांनी तसंच पुढे नेलं. १९८२ मध्ये, वयाच्या बहात्तराव्या वर्षी, प्रा. रमेश पानसे यांच्या बरोबरीने ‘ग्राममंगल’ ही नवी संस्था काढली. १९८५ मध्ये पद्मश्री मिळाली. २७ सप्टेंबर १९९२ ला त्यांनी डोळे मिटले. ‘कोसबाडच्या टेकडीवरून’ हे त्यांचं पुस्तक मिळालं तर जरूर वाचा.

मैत्रिणींनो, तुम्ही म्हणाल, कुठे कोसबाड आणि कुठे आपली राहुरी! पण दिवाळीनंतर मुळाकाठच्या ऊसपट्ट्यात एक चक्कर मारून या. तोडणी सुरू झाली की पाथर्डीकडून, बीडकडून कुटुंबंच्या कुटुंबं येतात. कोप्या उभ्या राहतात. आईबाप पहाटेच फडात. बाप कोयता चालवतो, आई मोळ्या वाहते. आणि कोपीपाशी आठ-नऊ वर्षांची एक पोर, काखेत शेंबडं भावंड घेऊन चूल राखत बसलेली असते. गावाकडच्या शाळेत तिचं नाव असतं, पण ती इथे असते. अनुताईंना कोसबाडला भेटली होती ती हीच की! बाळाला सांभाळायची सोय लागल्याशिवाय ताईच्या हातात पाटी येत नाही, हे त्यांनी फार आधीच ओळखलं होतं.

आणखी एक बोचणारी गोष्ट. २०२० च्या शैक्षणिक धोरणाने तिसऱ्या वर्षापासूनचं शिक्षण हा शिक्षणाचा पाया मानला. पण हा पाया घालणाऱ्या अंगणवाडीच्या बाईला अजूनही पगार नाही, मिळतं ते ‘मानधन’. ग्रॅच्युइटीवर तिचा हक्क आहे, हे ठरायला सर्वोच्च न्यायालयाचा एप्रिल २०२२ चा निकाल यावा लागला. शिक्षिका निवृत्त झाली तर हार आणि पेन्शन. वर्षानुवर्षं दोन-दोन पिढ्यांची नाकं पुसणारी सेविका निवृत्त होते, तेव्हा तिच्यासाठी आपण किती जणी जातो?

म्हणून सांगावंसं वाटतं. यंदा ३१ मे ला ज्या बाई घरी बसतील, त्यांनी खुशाल विश्रांती घ्यावी, यात्रा करावी, नातवंडांचे लाड करावेत. पण हात शिवशिवले तर जवळच्या अंगणवाडीत आठवड्यातून दोन सकाळी जावं. तोडणीच्या दिवसांत एखाद्या कोपीसमोर सतरंजी टाकावी. खडे, चिंचोके आणि चार गाणी एवढं भांडवल पुरतं. शिकवायचं कसं, ते तुम्हाला कुणी सांगायला नको. आणि गावाने आपल्या अंगणवाडीच्या बाईंनाही त्यांच्या शेवटच्या दिवशी एक शाल द्यावी. तेवढ्याने त्यांचं पोट भरणार नाही, हे खरं. पण त्याही ‘बाई’च आहेत, हे निदान गावाच्या तोंडून त्यांना ऐकू तरी येईल!